शेपटातला पहारा

लिंकनशायर, इंग्लंड, मार्च १९४४

एडिथताई,

हे पत्र मी टाकणार नाही, कारण आमची पत्रं आधी साहेब वाचतात.

बॉम्बफेकी विमानाच्या शेपटात मशीनगन धरून मी पाठमोरा बसतो. मागून येणारं शत्रूचं विमान मीच आधी पाहायचं, नाहीतर आम्ही सातहीजण गेलो. थंडी अशी की पापण्या चिकटतात. नवे बूट मिळालेत, पण ते राहू दे.

परवा परतताना मला झोप लागली. आमचा वैमानिक गॉडविन दर दहा मिनिटांनी विमानातल्या फोनवरून विचारतो, "मागे ठीक?" मी म्हणतो, "ठीक." झोपेतही म्हणतच राहिलो. जाग आली तेव्हा खाली आपला किनारा होता.

सांगावं, तर नालायक ठरवून मला काढतील. लपवावं, तर पुढच्या खेपेला पोरं माझ्यापायी मरतील. आज न्याहारीला गॉडविनला सांगून टाकलं.

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "मी विचारायच्या आधीच तू 'ठीक' म्हणालास. मग घसा फोडून ओरडलो, तरी तुझं आपलं 'ठीक'च. गाढवा."

"मग काढणार मला?"

"आणि नवा येऊन घोरला तर? आता 'ठीक' बंद. मी विचारलं की दर वेळी, लढाईआधी पोटासाठी तू भटकलास त्यातलं एक गाव सांगायचं. काय खाल्लंस, कुणी हाकललं, सगळं."

ताई, अजून अकरा उड्डाणं आहेत, आणि दर दहा मिनिटांना एक गाव. इतकी गावं मी पाहिलेली नाहीत. संपली की खोटी रचीन. खोटं रचायला तरी माणूस जागा लागतो.

तुझा दमलेला,
सिरिल