अर्धा अंश

सोमवार, १२ फेब्रुवारी

प्रिय ताईस नमस्कार,

टाके काढले का? इतक्यात जिना चढू नकोस. भावजींना म्हणावं, आता काही दिवस चहा तुम्हीच करा.

तुझ्या ऑपरेशनला आले नाही, पाठ धरली असं कळवलं. पाठ ठणठणीत आहे. मला घरातून निघता आलं नाही.

कारखाना बंद झाल्यापासून, म्हणजे अकरा महिने, हे मागच्या खोलीत प्रयोग करतात. थर्माकोलच्या खोक्यात थर्मास, त्यात मोजून पाणी, पाण्यात धातूची एक कांडी. कांडीतून वीज सोडायची आणि पाणी किती तापतं ते बघायचं. घातलेल्या विजेपेक्षा जास्त उष्णता निघते, असं ह्यांचं म्हणणं. वाऱ्याने आकडे बिघडू नयेत म्हणून खिडकी बंद, पंखा बंद. ह्यांना बारीक रेघा दिसत नाहीत, म्हणून दर पाच मिनिटांनी थर्मामीटर मी वाचते. सकाळी नऊ ते दुपारी चार. मध्येच भाजीला गेले तरी तो दिवस फुकट.

आता खरं सांगते. पहिल्या आठवड्यात जास्तीचं काहीच निघेना. ह्यांनी जेवण टाकलं. एका दुपारी मी शेवटचा आकडा अर्धा अंश वाढवून सांगितला. ताई, हा माणूस हसला गं! कारखाना बंद झाल्यानंतर पहिल्यांदा. मग रोजच वाढवत गेले.

काल म्हणाले, "कॉलेजातले सर बुधवारी येताहेत. स्वतःचा थर्मामीटर घेऊन."

आता उघडं पडणारच, म्हणून मीच सगळं सांगून टाकलं.

ह्यांनी वहीतून मानही वर केली नाही. "माहितीय. तू रोज नेमका अर्धाच अंश वाढवतेस. खरी उष्णता इतकी शिस्तीत वागत नाही."

"कधीपासून माहितीय?"

"सहा महिने झाले."

"मग मला इथे कोंडून का ठेवलंत?"

"हे संपलं तर सकाळी उठून मी करू काय?" मग हळूच म्हणाले, "माझ्याने बंद करवत नाही, तुझ्यानेही नाही. म्हणून सरांना बोलावलं. तिसऱ्या कुणीतरी सांगू दे."

मला रडू नाही आलं. राग आला. तरी आज नऊ वाजता जाऊन बसलेच. खरे आकडे सांगतेय, हे निमूट लिहून घेताहेत.

गुरुवारी मला बोलावून घे. तब्येत बिघडली म्हण, काहीही म्हण. दोघांना नको गं, मला एकटीला.

हाक आली, पाच मिनिटं झाली.

तुझ्या निरोपाकडे डोळे लावून बसलेली,
धाकटी