पहिलं कार्ड बेलवलीला

बाबा, आज दुपारी बेलवलीच्या घरी पोस्टमन येऊन गेला. अंबरनाथ पूर्वेच्या आपल्या छापखान्यात छापलेलं, साडीवाल्या शेठच्या दिवाळीच्या जाहिरातीचं पोस्टकार्ड घेऊन. कोपरे शाबूत, रंग जिथल्या तिथे, शिक्का स्वच्छ उमटलेला. तुम्ही असतात तर चष्मा कपाळावर सरकवून कार्ड उजेडात तिरकं धरलं असतं आणि एकही चूक न काढता चहा मागितला असता. तुमच्याकडून एवढं कौतुक मिळालं की मी दिवसभर हवेत असायचे.

कॉलेजात असताना मी केलेलं पहिलं कार्ड आठवतं? तेही उल्हासनगरच्या याच शेठचं. दोन्ही बाजू मी चकचकीत करून घेतल्या होत्या आणि गल्लीभर मिरवत होते. तुम्ही त्यातलं एकच कार्ड स्वतःच्या नावाने घरी पोस्ट केलंत. ते आलं तेव्हा शिक्का फरफटलेला आणि तुमचं निम्मं नाव पोस्टमनच्या अंगठ्याला लागलेलं. आई तोंडाला पदर लावून हसते आहे आणि तुम्ही दारातच मला झापताय, "मॅडम, शाई बसायला जागा ठेवली का? लोकांच्या दारात जायच्या आधी माल आपल्या दारात येऊ दे, मग बोल." रागाने मी जेवलेसुद्धा नाही. तेव्हापासून आपला नियमच झाला. पहिलं कार्ड घरी, आणि ते नीट पोचलं तरच बाकीची पोस्टात.

यंदा गौरी-गणपतीच्या आधी शेठ म्हणाला, "बेटी, अब कार्ड कौन देखता है? मोबाइल पे भेज देंगे." त्याचं काम गेलं असतं तर छापखान्याला कुलूपच लागलं असतं. दादाने गाळ्याला गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं. मी हट्टाला पेटले. म्हटलं, "शेठ, बस एक बार. सिर्फ कुळगाव में." कार्डाच्या कडेने मी त्याच्या दुकानातल्या साडीचा काठ छापला, खऱ्या काठाच्या मापाचा, खऱ्या रंगांत. कुळगावातल्या घरांचे पत्ते हाताने लिहिले. आणि बाबा, बायका कार्ड घेऊन दुकानात आल्या, काठाला काठ लावून साड्या मागायला लागल्या! शेठचा फोन आला, "दिवाली का भी तू ही छाप." मला स्वतःचा फार अभिमान वाटला, आणि तुमचा त्याहून जास्त. दादाने गाळ्याचा विषय पुन्हा काढलेला नाही.

हे पत्र कुठे पाठवणार? राहील इथेच छापखान्यात, शाईच्या डब्यांमागे. एक मात्र सांगते. कागद शाई धरेल की नाही, हे आता मला नुसतं बोट फिरवून कळतं. कार्ड घरी मागवून बघायची गरज उरलेली नाही. तरी प्रत्येक कामाचं पहिलं कार्ड मी तुमच्याच नावाने टाकते. पोस्टमन नवा आहे, त्याला काही ठाऊक नाही. आज त्याने दारातून तुमचं पूर्ण नाव मोठ्यांदा पुकारलं आणि विचारलं, "आहेत का घरी?"

मी म्हटलं, "आहेत. द्या इकडे."