जावई शरण गेला त्याची हकीकत

तीर्थरूप मामांच्या चरणी जावयाचा साष्टांग नमस्कार. (पाठ धरली आहे, त्यामुळे सध्या तीन-चार अंगांवरच भागवतो. बाकीची सवडीनं पाठवीन.)

आपले गुडघे कसे आहेत? मामींना ऐकू येण्याचं यंत्र बसवलं का? बसवलं असेल तर हे पत्र त्यांच्यासमोर मोठ्यानं वाचू नये. आपली कन्या रागावून आपल्याकडे आली आहे, हे मला दुभाष्याकडून कळलं. (दुभाष्या कोण, ते पुढे येईल.) नवऱ्यानं चारचौघांत ओळख दाखवली नाही, असं तिनं आपल्याला सांगितलं असेल, तर ते अगदी खरं आहे. पण तसं का झालं ते ऐकायला ती थांबली नाही. आपण वडीलधारे, शिवाय गुडघ्यांमुळे उठून जाऊ शकत नाही, म्हणून आपल्याला लिहितो.

आमच्या गोदीत आजवर गाळ उपसणाऱ्या बोटी व्हायच्या. आता एका परक्या देशाच्या आरमारासाठी पाणबुड्या शोधून बुडवणारी जहाजं होतात. सगळी एका साच्याची, एका रंगाची, सख्ख्या बहिणींसारखी. (देशाचं नाव लिहायला मनाई आहे. सुतारशाळेत आम्ही त्यांना नुसतं 'पाहुणे' म्हणतो.) पहिलं जहाज पाहुण्यांच्या पसंतीस उतरलं तर बाकीची करायची, नाही तर गोदीला टाळं, असं मोठ्या साहेबांनी खोक्यावर उभं राहून आम्हाला सांगितलं. सांगता सांगता त्यांनी पाय आपटला आणि खोकं मोडलं. खोकं आमच्याच सुतारशाळेतलं होतं, त्यामुळे आम्ही इतरांपेक्षा जास्त गंभीर झालो.

आता जहाज पाणबुडी शोधणारं, म्हणजे परीक्षेला पाणबुडी हवी. आपल्या आरमाराची एक होती, पण ती दुरुस्तीला आलेली आणि तिच्यावर खलाशांचे कपडे वाळत घातलेले. पाहुण्यांकडे एकही नाही. त्यांच्या शेजाऱ्यांकडेही नाही. मग ही जहाजं कशासाठी, असं आमच्या मुख्य इंजिनिअरांनी अदबीनं विचारलं, तेव्हा पाहुण्यांचे ॲडमिरलसाहेब म्हणाले की पाणबुड्या आल्यावर जहाजं घ्यायला निघालं की फार घाई होते. शेवटी असं ठरलं की जहाजानं समुद्रात फिरायचं, कान देऊन ऐकायचं, आणि काहीच ऐकू आलं नाही तर पास. (शाळेत माझ्या वाट्याला अशी परीक्षा आली असती तर आपल्याला इंजिनिअर जावई मिळाला असता.) ऐकण्याच्या त्या यंत्राला सोनार म्हणतात. लढाईच्या जहाजावर सोनार कशाला, असं मामी विचारतील. हा दागिने घडवत नाही. जहाजाच्या पोटाखाली बसून पाण्यातले आवाज ऐकतो.

मला त्या दिवशी जहाजावर चढवलं ते ॲडमिरलसाहेबांच्या टेबलाचा खण अडकत होता म्हणून. टेबल मीच केलेलं. रंधा आणायला मी तळातल्या खोलीत उतरलो. तिथे आमच्या उरलेल्या फळ्या ठेवल्या होत्या, गारवा छान होता, म्हणून टेकलो. (मला झोप लागली होती, असं गोदीत बोललं जातं. मी डोळे मिटून खणाचा विचार करत होतो.) तेवढ्यात कुणा कर्तव्यदक्ष खलाशानं बाहेरून लोखंडी दार लावलं, चाक फिरवून घट्ट केलं, आणि जहाज सुटलं. मी हाका मारल्या. मग लाकडी हातोडा घेतला आणि भिंत बडवायला लागलो. त्या भिंतीपलीकडे सोनार होता, हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं.

वर यंत्राचे आवाज ऐकायला एक माणूस बसतो. त्याला सगळे कानसेन म्हणतात. तो म्हणाला, ठकठक ऐकू येतेय. मुख्य इंजिनिअरांचा चेहरा पांढराफटक पडला. समुद्रात काही नसताना यंत्राला ऐकू आलं म्हणजे यंत्र वाया, जहाज वाया, गोदी वाया. त्यांनी डोळे मिटले आणि ठामपणे सांगितलं, पाणबुडी आहे. कुणाची आहे ते माहीत नाही, पण आहे. ॲडमिरलसाहेबांना इतका आनंद झाला की त्यांनी टोपी काढून परत घातली.

मग पाठलाग सुरू झाला. जहाज डावीकडे वळलं की ठकठकही डावीकडे वळे. जहाजानं वेग घेतला की मी फळ्यांवर आपटे आणि जिवाच्या आकांतानं जास्त जोरात बडवी. जहाज थांबलं की कुणीतरी दार उघडायला येतंय, या आशेनं मीही थांबे. शत्रूचा कप्तान विलक्षण हुशार आहे, आपल्या मनातलं ओळखतो, असं ॲडमिरलसाहेब म्हणाल्याचं मला नंतर समजलं. आजवर माझ्याबद्दल इतकं चांगलं कुणी बोललेलं नाही, आपणसुद्धा. त्यानंतर त्यांनी सरावाचे बाँब पाण्यात टाकायला सांगितले. मामा, पिंपात बसलेल्या माणसाच्या पिंपावर कुणी घण घातला तर कसं होईल, तसं झालं. आपण बुडतोय अशी माझी खात्री पटली. अशा वेळी माणूस देवाचं नाव घेतो. मी आपल्या कन्येचं नाव घेऊन ओरडू लागलो. (हे तिला जरूर सांगावं. या वाक्याखाली रेघ मारून दाखवलं तरी चालेल.)

शत्रू एका बाईला हाक मारतोय, असं कानसेननं कळवलं. तो परवलीचा शब्द असावा, असं ठरलं. पाण्याखाली आवाज पोचवणारा एक कर्णा जहाजाच्या तळाला आहे, त्यातून पाहुण्यांसोबत आलेल्या दुभाष्यानं आपल्या भाषेत बजावलं की शरण या. मला तो आवाज भिंतीतून आला. मी लगेच शरण गेलो. संसारी माणसाला त्यात काही जड नाही. कुठे आहात, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, तळाच्या खोलीत, फळ्यांपाशी, बाहेरून चाक फिरवा. दुभाष्या काय ते समजला. तो शहाणा माणूस. त्यानं ॲडमिरलसाहेबांना फक्त पहिला अर्धा भाग सांगितला, की शत्रू शरण आला, आणि मुख्य इंजिनिअरांच्या कानात उरलेला.

इंजिनिअर एकटे खाली आले. दार उघडून त्यांनी माझ्या हातातला हातोडा पाहिला. मग हळूच म्हणाले, "हे बघ, आजपासून तू पाणबुडी आहेस. वर गेल्यावर आपल्या भाषेत एक शब्द बोललास तर गोदी बंद."

त्यांनी माझ्या डोक्यावर बादलीभर खारं पाणी ओतलं आणि मला वर नेलं. मी ॲडमिरलसाहेबांच्या हाती हातोडा दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि मानानं परत केला. पाणबुडी कुठाय, असं कुणी विचारलं, तर इंजिनिअर म्हणाले, बुडाली. पाणबुडीनं बुडणं रीतसरच. जहाज जागच्या जागी पसंत झालं, बाकीची सगळी कायम झाली. गोदीतल्या लोकांनी मला खांद्यावर घेतलं असतं, पण मी युद्धकैदी होतो.

कैदेत, म्हणजे गोदीला परत लागलेल्या त्याच जहाजावर, मला ॲडमिरलसाहेबांच्या पंगतीला बसवतात. मी केलेल्याच टेबलावर जेवतो. तो खण अजून अडकतो. साहेब रोज ओढतात, हताश होतात, आणि मी शत्रूचा कप्तान असल्यानं मला हात लावता येत नाही. हे दुःख आपल्याला कळणार नाही.

अशाच एका जेवणाच्या वेळी आपली कन्या डबा घेऊन आली. गोदीच्या फाटकावर तिला सांगितलं की तुमचे यजमान पकडले गेले आहेत. कुणी पकडलं, तर आपल्याच जहाजानं. ती तरातरा जहाजावर आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. साहेबांनी दुभाष्यामार्फत मला विचारलं, या बाईंना तुम्ही ओळखता का? मामा, एका बाजूला गोदीतली सगळी माणसं आणि त्यांचे संसार होते, दुसऱ्या बाजूला माझा एकट्याचा. मी मान हलवून नाही म्हटलं. "बरं," ती म्हणाली, "मग डबा परत नेते." आणि गेली. डब्यात काय होतं, तेवढं तरी मला कळवावं. रात्रंदिवस तोच विचार आहे.

तरी तिची समजूत घालावी. मी तिला ओळखतो, हे माझ्या वतीनं आपण तिला सांगावं. मामींना नमस्कार.

आपला,
जावई (सध्या शत्रूपक्ष)

ता. क. मुख्य कारण लिहायचं राहूनच गेलं. दुसरं जहाज तयार होत आलं आहे आणि आता ॲडमिरलसाहेबांना माझ्यापेक्षा मोठी पाणबुडी हवी आहे. वयानं पोक्त, मिशा पांढऱ्या, आवाज भारदस्त आणि गोदीत कुणी न पाहिलेला असा माणूस पाहिजे, असं इंजिनिअरांचं म्हणणं पडलं. माझ्या डोळ्यांसमोर दुसरं कुणी आलंच नाही. तळातली खोली गार आहे, गुडघ्यांना बरी नाही, पण खाली फळ्यांवर गादी टाकून देईन. पोहता येण्याची अट नाही. मलाही येत नाही.

ता. क. २ आपला होकार गृहीत धरून इंजिनिअरांना नाव कळवलं आहे. खलाशांच्या पांढऱ्या कपड्यातले काही गृहस्थ आपल्याला न्यायला येतील. हे पत्र त्यांच्यापाशीच दिलं आहे, म्हणजे आत्ता ते आपल्या दारातच उभे असतील. थोडा विरोध केलात तर बरं दिसेल. फार नको.