गुलाबी पालक, निळे विद्यार्थी

तीर्थरूप मामा यांस,

कागदावरून जितकं वाकता येतं तितकं वाकून नमस्कार. तुमच्या गुडघ्याचं काय म्हणणं आहे? मामी अजून डॉक्टरांनाच औषधं सुचवतात का? मी इथे खुशाल आहे. म्हणजे मागच्या आठवड्यात एका बाईने दुसऱ्या मजल्यावरून छत्री फेकली ती लागली नाही, हे धरून खुशाल. (ढेकणांचं औषध विकणारा समजली. चूक तिची नाही, माझ्याकडे पिशवी तशीच होती. छत्री मी ठेवून घेतली आहे, चांगली आहे.)

तुम्ही मोठ्या बाईंना चिठ्ठी लिहून हायस्कूलमध्ये जे काम मिळवून दिलंत ते मी अजून सोडलेलं नाही. आज बावीस दिवस झाले. आधीचा विक्रम एकोणीस दिवसांचा होता, तो मालवाहू बोटीवरचा, पण तो खरा धरू नये, कारण समुद्राच्या मधोमध नोकरी सोडून निघून जायची सोय नव्हती. बोटीवरचा स्वयंपाकी मला म्हणायचा की तू शिकला असतास तर... पण ते राहू दे, तो स्वतः भात करपवायचा.

तर काम असं. शिक्षण कार्यालयाने ठरवलंय की आपल्या सरकारी हायस्कूलचा दहावीचा वर्ग पुढच्या वर्षीपासून बंद करायचा आणि मुलं पुलापलीकडच्या मोठ्या हायस्कूलला पाठवायची. पण बंद करण्याआधी लोकांचं मत विचारायचं असा नियम आहे. (आधी ठरवायचं आणि मग विचारायचं ही पद्धत आपल्या घरातच आहे असं मला वाटायचं, ती सरकारातही आहे.) त्यासाठी दोन रंगांचे फॉर्म छापले. पालकांना गुलाबी, विद्यार्थ्यांना निळा. मी घरोघर जाऊन ते वाटायचे, चार दिवसांनी गोळा करायचे आणि कुलूपबंद पेटीत टाकायचे. मोठ्या बाईंनी बजावलं होतं, कोणाला काही सुचवायचं नाही आणि भरलेला एकही फॉर्म वाचायचा नाही.

मी राहतो ती खोली एका वेल्डरच्या दुकानावर आहे. दिवसभर खाली ठिणग्या आणि वर मी. त्याची मुलगी नववीत आहे. तिला अख्खी गल्ली 'पंचनामा' म्हणते, कारण तिच्यासमोर कोणीही काहीही बोललं की कधी, कुठे, कोणासमोर आणि कशावरून, हे सांगितल्याशिवाय सुटका नाही. पहिल्याच दिवशी तिने मला विचारलं की तुम्ही याच शाळेतली दहावी का सोडली, मी सांगितलं की मन लागेना, तर विचारते कुठे लागेना, वर्गात की पुस्तकात? मला अजून उत्तर सापडलेलं नाही. वेल्डरने मात्र स्पष्ट सांगून टाकलंय की वर्ग पुलापलीकडे गेला तर पोरगी जाणार नाही. दोन बस बदलायच्या, यायला अंधार होतो, त्यापेक्षा दुकानात बसेल, फोन उचलेल. शाळेवाचून कोणाचं अडत नाही, असं तो म्हणतो आणि पुरावा म्हणून शाळेच्या फाटकाकडे बोट दाखवतो. ते त्यानेच बनवलंय, तिसरीत शाळा सोडून. हे तो बोलत असताना पंचनामा काही विचारत नाही. ती गप्प बसलेली मी तेवढीच पाहिली आहे.

फॉर्म वाटताना लोकांची मतं वाचायची नव्हती, पण कानांना कोणी कुलूप लावलं नव्हतं. केशकर्तनालयवाला म्हणाला शाळा उत्तम आहे, केस वाढले की मुलाला फाटकातूनच परत पाठवतात. औषधांच्या दुकानदाराचं म्हणणं शाळा साफ बिघडली आहे, कारण शेजाऱ्याचा मुलगा पहिला आला. एका निवृत्त पोस्टमनने, ज्याला ना मूल ना नातू, माझा रस्ता अडवून फॉर्म मागितला. शाळेची घंटा दोन मिनिटं उशिरा होते आणि हे तो तीस वर्षं सांगायला बघतोय, पण विचारायलाच कोणी आलं नाही. मी त्याला दोन्ही रंगांचे दिले. मुलांची मतं दोनच, शौचालय आणि गणिताचे सर, याच क्रमाने.

आता घोळ ऐका. मी हुशारी केली. दोनदा जिने चढायला नको म्हणून गुलाबी आणि निळा एकाच घडीत घालून दारात दिले आणि शनिवारपर्यंत भरून ठेवा म्हणून पुढे झालो. मामा, तुम्ही सांगा, कोणत्या घरात लिहायचं काम बाप करतो? बापाने गुलाबी कागद बघितला आणि पोराला म्हणाला, तुझं अक्षर बरं आहे, भरून टाक. आणि शाळेतून मुलाच्या नावाने आलेला कागद कोणत्या घरात मूल भरतं? पानांची वही आईने चिकटवायची, प्रकल्पाचा ज्वालामुखी बापाने रंगवायचा, हे पहिलीपासून चालत आलेलं. त्यामुळे निळा कागद आईबापांनी भरला, अगदी मन लावून. घरोघरी, न ठरवता, हाच प्रकार. मी पेटीत टाकताना एक जरी वाचला असता तरी कळलं असतं. पण आयुष्यात पहिल्यांदा एक सूचना तंतोतंत पाळायची म्हटली, तिचं हे झालं.

गेल्या गुरुवारी शाळेच्या सभागृहात बैठक. कार्यालयातून तपासणीचे साहेब आले, पेटी उघडली आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला लागले. आधी निळे. विद्यार्थ्यांना रोज तीन तास गृहपाठ हवा आहे. लांब सुट्टीतही वर्ग भरवावेत. आमचे मोबाईल शाळेने जप्त करून वर्षाअखेरीस परत द्यावेत, शक्यतो न द्यावेत. आमचे आईवडील आमच्यासाठी काय खस्ता खातात यावर पुस्तकात एक धडा असावा. साहेबांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, वीस वर्षांच्या नोकरीत अशी पिढी पाहिली नाही. मग गुलाबी. मधली सुट्टी दीड तासाची करावी, असं पालकांचं एकमुखी मत. मुलांना इतका अभ्यास करताना पाहून आमचं काळीज तुटतं. गणिताचा तास शेवटी ठेवावा आणि शेवटचा तास रद्द करावा. आणि एक असा, की माझा मुलगा स्वतः कधी बोलणार नाही, पण पालक म्हणून मला मनापासून वाटतं की त्याला गिअरची सायकल घेऊन द्यावी.

तेव्हा औषधवाला हळूच मागे वळला आणि त्याचा मुलगा हळूच खुर्चीत खाली सरकला. पुढे काय झालं ते सांगवत नाही. प्रत्येक रांगेत कोणीतरी कोणाचा तरी कान शोधत होतं आणि मुलंही मागे नव्हती, मोबाईलचं कोणी लिहिलं म्हणून तीही उभी राहून चौकशी करत होती. शेवटी पंचनामाने हात वर केला आणि काय झालंय ते साहेबांना चार वाक्यांत, पुराव्यासकट सांगितलं. साहेबांचा चेहरा पडला. (मला वाटतं त्या पिढीचं त्यांना खरंच वाईट वाटलं.) त्यांनी सगळे फॉर्म रद्द केले. म्हणाले, लोकांचं मत उपलब्ध नसेल तर प्रस्ताव मंजूर समजायचा, दहावी पुलापलीकडे. वेल्डर उठून मुलीला चल म्हणाला. ती उठली नाही.

मोठ्या बाई बसल्या जागेवरून एवढंच म्हणाल्या की अर्धा तास द्या, आत्ता, इथेच, ज्याचं त्याने स्वतः लिहायचं. साहेबांचा चहा यायचा होता, ते हो म्हणाले. मग पालक उजवीकडे, मुलं डावीकडे, एका बाकावर एक. देखरेखीला मी, कारण सभागृहात पालक, विद्यार्थी, शिक्षक यांतलं काहीच नसलेला मी एकटाच होतो. मामा, ज्याने आयुष्यभर दुसऱ्याच्या पेपरात बघितलं त्याला असं एकदा तरी उभं करावं, फार समाधान मिळतं. पालकांना घाम फुटलेला. कोणाचं पेन चालेना, कोणाला पाणी हवं. औषधवाल्याने कोपराने कागद झाकलेला आणि केशकर्तनालयवाला मान लांब करून त्यात डोकावतोय. एकीने दोन बाकं पलीकडे नवऱ्याला चिठ्ठी पाठवली ती मी जप्त केली. त्यात लिहिलं होतं, 'येताना गॅस बंद केला का'.

दहा मिनिटं उरली तेव्हा वेल्डरचा कागद कोरा होता. आकडे त्याला येतात, अक्षरं केव्हाच गेली. डाव्या बाजूने पंचनामा त्याच्याकडे बघत होती आणि तो तिच्याकडे सोडून सगळीकडे बघत होता. मग त्याने बोटाने मला बोलावलं आणि हळूच म्हणाला, "लिही. शाळा काही खास नाही. पण ती फाटकातून आत जाते ते मला दुकानातून दिसतं. पुलापलीकडचं दिसणार नाही. एवढंच लिही, आणि तिला सांगू नको."

मी लिहिलं. शेवटच्या ओळीला मागे बुटांचा आवाज आला, साहेब. नियम बाईंनी सांगितलेला आणि त्यांनी मान्य केलेला, ज्याचं त्याने लिहायचं. त्यांनी विचारलं हे अक्षर कोणाचं. माझी नोकरी इथेच संपली असं वाटलं.

वेल्डर म्हणाला, "हात त्याचा आहे साहेब, म्हणणं माझं."

साहेबांनी कागद उभ्या उभ्या वाचला, मग पुन्हा वाचला आणि गठ्ठ्याच्या तळाशी न ठेवता सगळ्यात वर ठेवला. पंचनामाच्या निळ्या फॉर्मवर मत एकही नव्हतं, चौदा प्रश्न होते. ते साहेब सोबत घेऊन गेले आहेत, उत्तरं देणार म्हणाले. देव त्यांचं भलं करो.

बाकी सर्व ठीक. शाळेबद्दल माझं स्वतःचं मत विचाराल तर भिंतींना पोपडे, गणिताचे सर अजून तेच आणि घंटा खरंच दोन मिनिटं उशिरा होते, मी घड्याळ लावून बघितलं. मामींना नमस्कार.

तुमचा,
ज्याचं कुठे मन लागत नाही तो भाचा

ता. क. : पत्र पाकिटात घालायच्या आधी कार्यालयाचा निर्णय आला. दहावी एक वर्ष इथेच राहील, पण पहिल्या दिवशी वर्गात वीस डोकी भरली पाहिजेत. नववीची सगळी पास झाली तरी होतात एकोणीस. मोठ्या बाईंनी जुनं रजिस्टर काढलं आणि अर्धवट सोडून गेलेल्यांची नावं चष्म्यावरून वाचत वाचत एका नावाशी थांबल्या. मी पोट धरून हसलो.

ता. क. २ : ते सोमवारी. आज बुधवार आहे.

ता. क. ३ : माझा शाळा सोडल्याचा दाखला तुमच्या लोखंडी कपाटात असेल. 'शाळा सोडण्याचे कारण' यापुढे तुम्ही तेव्हा काय लिहायला सांगितलंत ते मी कधी विचारलं नाही, आताही विचारत नाही. फक्त तो घेऊन पुढच्या गुरुवारी तुम्ही स्वतः या, पालकाशिवाय प्रवेश देत नाहीत. मी तेवीस वर्षांचा आहे हे बाईंना सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, म्हणूनच.