चारशे नव्याण्णव दिवस न झोपलेलं मशीन

४ ऑगस्ट, सोमवार. स. १०.४०

अपटाइम ४४१ दिवस. म्हणजे कॉलेजचा सर्व्हर ४४१ दिवस एकदाही बंद पडलेला नाही. अख्ख्या जिंतुरात इतके दिवस सलग चाललेली दुसरी गोष्ट दाखवा.

आजपासून रोजनिशी. मोठे सिस्टम ॲडमिनिस्ट्रेटर लॉग ठेवतात म्हणे. कागदावर माझं पद 'प्रयोगशाळा सहाय्यक' आहे, पण दारावर पाटी मीच करून लावली: 'श्रीनिधी, सिस्टम ॲडमिनिस्ट्रेटर (लिनक्स). विनाकारण आत येऊ नये.' आमचे शिपाई भुजंगमामा पाटी वाचून उंबऱ्यातच थांबले. कारण असलं तर यावं का, असं विचारत होते. अशिक्षितपणा.

बरोबर दसऱ्याला ५०० दिवस पुरे होतात. तोपर्यंत वीज गेली तरी खंड पडू नये म्हणून घरचा इन्व्हर्टर लॅबमध्ये आणला. स्वरदाला विचारायचं राहिलं. लग्नाला चौदा वर्षं झाली, आता समजून घेते. संध्याकाळी वीज गेली तेव्हा वहीने वारा घेत होती. काही बोलली नाही. म्हणजे पटलं.

८ ऑगस्ट, शुक्रवार

मराठी विभागाच्या सुकेशनी मॅडम लॅबमध्ये आल्या. पीएच.डी. करतात. सहा वर्षं ताडकळस, सोनपेठ, जिंतूर असे आठवडी बाजार पालथे घालून बायकामाणसांचं बोलणं, घासाघीस, भांडणं रेकॉर्ड केली आहेत. २३११ फाइली. प्रबंध छापायला गेलाय, १० ऑक्टोबरला जमा करायचा. सोबत ही रेकॉर्डिंगं दिलीच पाहिजेत, नाहीतर सहा वर्षं पाण्यात.

आणि एवढा ऐवज कुठे? एका लॅपटॉपवर आणि दोन पेन ड्राइव्हवर! मी कपाळाला हात लावला. सगळं सर्व्हरवर घेतलं. पेन ड्राइव्ह फॉरमॅट करून दिले. लॅपटॉपवरचं विंडोज काढून लिनक्स टाकलं, जुनं सगळं पुसून, एकदम स्वच्छ. मॅडमचा चेहरा उतरला. एखादी कॉपी राहू दिली असती सर, म्हणाल्या.

नियम १: माहिती एकाच जागी असावी, म्हणजे शोधावी लागत नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार

मॅडमना त्यांच्याच फाइली उघडेनात. 'परमिशन डिनाइड'. दोन तास झटलो. शेवटी ७७७ दिलं. म्हणजे लॅबमधल्या कुठल्याही मशीनवरून कोणीही उघडावं, कोणीही काहीही करावं. ७७७ कधीच देऊ नये, असं पुस्तकात ठळक अक्षरांत लिहिलंय. पुस्तक लिहिणाऱ्याला जेवायला घरी जायचं नव्हतं.

तात्पुरतं आहे. उद्या झेंडावंदन. परवा नीट करतो.

२० ऑगस्ट, बुधवार

बॅकअप! बाहेरून जोडायची नवी डिस्क आली. सर्व्हर सुरू होताना ती आपोआप जोडली जावी म्हणून एफएसटॅब नावाच्या फाइलीत एक ओळ लिहावी लागते. त्यात डिस्कचा क्रमांक, म्हणजे आकडे आणि अक्षरांची मालगाडी. चष्मा घरी होता, तरी एका दमात टाइप केला. तीच ओळ वहीतही उतरवली. आता रोज दुपारी एक वाजता मॅडमच्या सगळ्या फाइलींची नवी कॉपी आपोआप 'बॅकअप' फोल्डरात, म्हणजे त्या डिस्कवर, पडणार.

ओळ बरोबर आहे का हे पाहायला सर्व्हर एकदा बंद करून चालू करावा म्हणे. ४५७ दिवस झाले असताना? बंद न करताही एका कमांडने तपासता येतं, असंही वाचलं. ते ज्यांचा स्वतःवर विश्वास नाही त्यांच्यासाठी.

ता. क. डिस्कचा दिवा लुकलुकतसुद्धा नाही. शांत वस्तू. आवडली.

९ सप्टेंबर, मंगळवार

भुजंगमामा पाटी न वाचता आत आले. त्यांच्या सोयाबीनमध्ये रानडुकरं शिरतात. शेतात काठीला स्पीकर बांधलाय, सोलरवर रात्रंदिवस चालतो, त्यात पेन ड्राइव्ह लावायचा. आधी भजनं लावली, मग गाणी लावली, पण डुकरं लय शहाणी झालीत म्हणाले, गाणं ऐकत निवांत चरायलीत. माणसं भांडायलीत असा आवाज पाहिजे. मॅडमनी बाजारातली भांडणं भरून ठिवलीत म्हणं, तेवढी द्या की सर.

संशोधनाचा डेटा डुकरांना! मी पाऊण तास डेटा सिक्युरिटीवर बोललो. मामांनी सगळं ऐकून घेतलं, बरं म्हणाले, आणि पेन ड्राइव्ह खिशात घालून गेले. नीट समजावून सांगितलं की माणूस ऐकतो.

१७ सप्टेंबर, बुधवार

मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन उरकून लॅबमध्ये आलो. सर्व्हरची आतली डिस्क ९६ टक्के भरलेली! चमत्कारिक. लॉग पाहिला. रोज दुपारी एक वाजला की जागा थोडी कमी होते. रोज एक वाजता असं काय होतं या मशीनला? मी तर तेव्हा जेवत असतो.

नियम ३: आधी कारण शोधा, मग पुसा. शोधायला वेळ लागतो, म्हणून आज फक्त पुसलं. जुने लॉग गेले, तक्रारी गेल्या. ९१ टक्के. मन प्रसन्न.

२४ सप्टेंबर, बुधवार

मॅडमनी विचारलं, सर, बॅकअप एकदा उघडून दाखवता का. खरं सांगायचं तर दुखावलो. बॅकअप ही दाखवायची वस्तू नाही. ती असते.

मॅडम म्हणाल्या, तसं नाही सर, पंचफुलाबाई आषाढात गेल्या, म्हणून विचारलं. या पंचफुलाबाई ताडकळसच्या बाजारात वांगी विकायच्या. सहा वर्षांत सगळ्यात जास्त रेकॉर्डिंग त्यांचंच. त्यांच्या घरच्यांकडे एक फोटो आहे, आवाज फक्त आपल्याकडे. निश्चिंत राहा, असं सांगितलं. मॅडम दसऱ्याला घरच्यांसोबत नागपूरला दीक्षाभूमीवर जाणार, शनिवारी परत येणार.

उद्या सकाळी पहिलं काम, बॅकअप उघडून पाहणे.

२५ सप्टेंबर, गुरुवार

पाटीला वॉर्निश केलं. दिवस त्यातच गेला.

३० सप्टेंबर, मंगळवार

४९८. उद्या खंडेनवमी. कॉलेजातली सगळी यंत्रं बंद करून पूजा करतात. अवजाराला वर्षातून एक दिवस विश्रांती हवी, असं प्राचार्यांचं म्हणणं. गेल्या वर्षी मी फक्त मॉनिटर बंद केला होता. प्राचार्यांनी चालू सर्व्हरलाच हळदकुंकू वाहिलं. देवाला कळलं असेल, प्राचार्यांना कळलं नाही. यंदाही तोच बेत. परवा पाचशे. पेढ्यांची ऑर्डर दिली.

१ ऑक्टोबर, बुधवार. स. ११.१५

४९९. मॉनिटर बंद. झेंडूचा हार घातला. सगळं बेतानुसार.

दु. १२.२०

प्राचार्यांनी सर्व्हरपुढे निरांजन ठेवलं. विझलं. पुन्हा लावलं, पुन्हा विझलं. तिसऱ्यांदा भुजंगमामांनी मध्ये हात धरला आणि म्हणाले, साहेब, ह्याच्यातून वारं यायलंय, हे तर जितं हाय.

सर्व्हरचा पंखा. ४९९ दिवसांत त्याचा विचारच केला नव्हता.

प्राचार्यांनी सर्व्हरच्या बटणाकडे बोट दाखवलं. १२.१४ ला मी स्वतःच्या हाताने सर्व्हर बंद केला. बंद होताना बारीक कण्हल्यासारखा आवाज आला. मामा म्हणतात तो मशीनचा नव्हता, तुमचा होता.

३ ऑक्टोबर, शुक्रवार. स. १०.२०

सर्व्हर चालू केला. काळा पडदा, 'इमर्जन्सी मोड'. रूटचा, म्हणजे मशीनच्या मुख्य मालकाचा, पासवर्ड मागतोय. ४९९ दिवस कोणी मागितला नव्हता.

१०.५५

सतरा पासवर्ड देऊन पाहिले. स्वरदाचा वाढदिवसही दिला. (तो नक्की कधी असतो, एकदा तिला विचारून घ्यावं.)

११.३०

नियम ५: घाबरून काही करू नये. मी घाबरलेलो नाही. माझ्याकडे बॅकअप आहे. सरळ सगळं पुसून नव्याने इन्स्टॉल करतो.

दु. १.१५

झकास. मशीन नवं कोरं.

१.२५

बाहेरची डिस्क उघडली.

१.२६

रिकामी आहे.

१.४०

केबल बदलली. रिकामीच आहे.

३.००

वहीत उतरवलेली ओळ आणि डिस्कवरचा क्रमांक शेजारी शेजारी धरले. आज चष्मा आहे. एक अक्षर चुकलंय.

म्हणजे डिस्क कधी जोडलीच गेली नाही. बॅकअप रोज एक वाजता सर्व्हरच्याच पोटात पडत होता. म्हणून पोट भरत होतं. त्याच चुकलेल्या ओळीपाशी मशीन आज अडलं. तेवढी ओळ काढली असती तर सगळं जिथल्या तिथे होतं. मी पोटच धुऊन काढलं.

पंचफुलाबाईही त्यातच गेल्या.

४ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी कागदावर तीन कारणं लिहून काढली. एक, मशीनमध्ये हळद गेली. दोन, विजेचा दाब. तीन, डिस्क बनवणाऱ्यांचा निष्काळजीपणा. तिन्ही पाठ केली.

मॅडम नागपूरहून सरळ लॅबमध्ये आल्या, खांद्यावर पिशवी तशीच. माझ्यासाठी संत्रा बर्फी आणली होती. बर्फीचा डबा हातात आला आणि कारणं खिशातच राहिली. होतं तसं सांगून टाकलं.

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. सगळंच का, एवढंच विचारलं. मी हो म्हणालो. मग त्या खुर्चीवर बसल्या आणि पिशवीच्या बंदाकडे बघत राहिल्या. मला माझी लाज वाटली. हे लिहिणार नव्हतो, पण लॉग खरा असावा लागतो.

तेवढ्यात भुजंगमामा चहा घेऊन आले. काय झालं ते ऐकलं. म्हणाले, बाजारातली बोलणी व्हय? ती तर डुकराकडं हायेत की.

आम्हाला कळायला वेळ लागला. माझं भाषण ऐकून दुसऱ्याच दिवशी मामांनी लॅबमधल्या चार नंबरच्या मशीनवरून अख्खा फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतला होता. कसा घेतला म्हणून विचारलं. उघडंच होतं सर, म्हणाले, मला वाटलं तुमीच ठिवलंय माझ्यासाठी. (७७७. परवा नीट करणार होतो.)

मामांच्या मोटरसायकलवर मॅडम, मागे माझी स्कूटी. शेत दिसायच्या आधीच आवाज आला. म्हातारा, खणखणीत. दाबून बघू नको गं माय, वांगंच हाय, बांगड्या भरायला पोरीचा हात न्हाई! स्पीकरवरून पंचफुलाबाई अख्ख्या शिवाराला दम देत होत्या. सोयाबीन उभं होतं. डुक्कर औषधालाही नव्हतं.

मॅडम बांधावर बसून हसल्या, आणि हसता हसता रडल्या. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. धूळ फार होती. बरं, धूळ नव्हती.

मी स्पीकरमधला पेन ड्राइव्ह काढायला गेलो तर मामांनी अडवलं. खिशातून दुसरा काढून दिला. एक बिघडला तर काय करता, म्हणून मी पहिल्याच दिवशी दोन भरले, म्हणाले.

लॅबमध्ये मोजल्या. २३११ पैकी २३११.

६ ऑक्टोबर, सोमवार

प्राचार्यांना चार पानी अहवाल दिला. ठळक मुद्दे: बॅकअप दुसऱ्या गावी ठेवणे ही जगभर मान्य पद्धत असून तिला 'ऑफ-साइट बॅकअप' म्हणतात. आपल्या कॉलेजात ती कृषी क्षेत्राच्या सहकार्याने राबवली गेली. परमिशन सर्वांसाठी खुली ठेवण्यामागे दूरदृष्टी होती.

प्राचार्यांनी अहवाल वाचला. भुजंगमामांना आत बोलावलं. मला जरा बाहेर थांबायला सांगितलं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

प्रबंध जमा झाला. ऋणनिर्देशाचं पान मॅडमनी ऐनवेळी नव्याने छापून घेतलंय, ते पाहिलं. पंचफुलाबाई आहेत. मार्गदर्शक आहेत. भुजंगमामा आहेत, 'ज्यांच्या शिवारात ही भाषा जपली गेली' असे. माझं नाव दोनदा शोधलं. नाही. रानडुकरांचं आहे.

प्राचार्यांचा आदेश निघाला. दर शनिवारी बॅकअप घेऊन तो उघडून दाखवायचा. कोणाला, तर भुजंगमामांना. सही त्यांची. त्यांना पाटी अडचणीची होते, म्हणून ती काढून ठेवली.

मामांना सहज विचारलं, खंडेनवमीला शेतातला स्पीकर बंद ठेवला होता का. न्हाई ओ सर, म्हणाले, लांबूनच कुंकू लावलं. डुकराला कुठं सुट्टी असती?

दुपारी स्वरदा रिक्षा घेऊन आली आणि इन्व्हर्टर घरी घेऊन गेली. आजही काही बोलली नाही. आज मात्र ते न बोलणं मला नीट ऐकू आलं.

दु. ३.०५

लाईट गेली.

अपटाइम: सर्व्हर ०. स्पीकर ३० दिवस, चालू.