देखाव्यातला लंगडा मीच

१० ऑगस्ट
आज राजवीरची कुबडी पळवली. चोरी न्हाय, अभ्यास. मंडळाच्या सजीव देखाव्यात लंगड्याचा मेन रोल मला मिळालाय. खऱ्या वस्तूशिवाय अॅक्टिंगमध्ये जीव येत न्हाय. राजवीर दोन तास त्याच्या मोबाईल रिपेअरीच्या दुकानात अडकला. वाटलं, रडत बसला असंल. जाऊन बघतोय तर गिऱ्हाइकाशी भांडत हुता. कुबडी वाटंत सापडली असं सांगून परत दिली. कृष्णात, तुझ्यासारखा चोर शोधून मिळायचा न्हाय, म्हणाला. कौतुकच की.

१२ ऑगस्ट
शार्दूल सरांनी देखाव्यासाठी लिहिलेली गोष्ट वाचून दाखवली. लंगडा पोरगा. सगळी हसत्यात, तो गप सोसतो. शेवटी गणपतीच्या हातातनं लाईट पडतो, पोरगं कुबडी फेकून पळतं. मला भरून आलं. राजवीरला न्हाय. त्यानं हाच रोल मागितलेला. अध्यक्ष हंबीरदादा म्हणाले, तू खराच लंगडा, शेवटी पळणार कसा? बरोबर हाय की! तो म्हणाला, मग शेवट बदला. दादा म्हणाले, लोकं रडली पायजेत, नंबर आला पायजे. मग त्याला आवाजाचं काम दिलं. देखाव्यात डायलॉग आधीच रेकॉर्ड करत्यात, आम्ही वर नुसतं तोंड हलवायचं. आवाज त्याचा, तोंड माझं. न्याय झाला.

१६ ऑगस्ट, संध्याकाळी सहा
प्रॅक्टिस. जाताना डावा पाय लंगडला, येताना उजवा. राजवीर म्हणाला, तोंड कशाला वाकडं करतोस, पाय लंगडा हाय का दाढ दुखतीय? त्याला अॅक्टिंगमधलं कळत न्हाय. म्हटलं, गेल्या साली मी येडा केलता, केस विस्कटून, दात काढून. टाळ्या पडलत्या. तर म्हणतो, तुझी चिमणाआत्ती दहा वर्षं डोक्याच्या गोळ्या घेती, तिचे केस कधी विस्कटलेले बघितलास? आत्ती वेणी घालून, पावडर लावून ऑफिसला जाती. कुठला विषय कुठं नेला! आत्तीला देखाव्यात बघायला येणार कोण?

२४ ऑगस्ट
संकल्प: रोज दोन तास कुबडीवर. आज दहा मिनटं केलं. काख सोलली. उद्यापासनं नक्की.

२९ ऑगस्ट
राजवीरनं आवाजाचा फायनल पेनड्राइव्ह दिला. शेवट ऐकून घे, असं दोनदा म्हणाला. मला सगळं पाठ हाय. मोठ्या कलाकाराला तालीम लागत न्हाय. तसाच साऊंडवाल्याकडं दिला.

३१ ऑगस्ट
परीक्षक आले. मांडव फुल्ल. आई पुढं बसलेली. लाईट पडला, मी कुबडी फेकली, पळालो. आणि स्पीकरमधनं राजवीर: देवा, थांब! पाय हायत तसं राहू देत. तुझ्या दर्शनाला ह्यांनी चौदा पायऱ्या बांधल्यात, तेवढं बघ!
मी कुबडी आणायला परत पळालो. पळतच. पब्लिक लोळून हसलं. मागनं एक आजोबा ओरडले, पावणं, बरं झालासा की, आता परत लंगडतासा कशाला?
परीक्षकांनी मात्र उभं राहून टाळ्या वाजवल्या. मुद्दाम तसं बसवलंय, म्हणून मी सांगितलं. हंबीरदादा पायऱ्या मोजत हुते.

१ सप्टेंबर
मीटिंग. माझं मत, शेवट माझ्यामुळं गाजला. दादा म्हणाले, आता पळायचंच न्हाय तर राजवीरच घ्या. पायऱ्यांवर फळ्या टाकून उतार केला. रात्रीच्या देखाव्यात त्यावरनं तो एकटा वर गेला. तोंड वाकडं न्हाय, रडणं न्हाय. देवाशी असा बोलला, जसा गिऱ्हाइकाशी भांडतो. मग शिट्ट्याच शिट्ट्या. मी जळलो न्हाय. डोळ्यात धूप गेलता.

३ सप्टेंबर
मलापण रोल हाय. गणपतीच्या पायाशी उंदीर. मुखवटा, शेपूट, डायलॉग न्हाय. बघणाऱ्यांना वाटतं, पुतळाच हाय. आईला सांगितलंय, मला डायरेक्शनला घेतलंय. आज देखावा संपल्यावर ती वाकली आणि उंदराच्या कानात हळूच बोलली: माझ्या कृष्णातला पुढच्या साली परत मेन रोल मिळू दे.
मी मान हलवली. काय करणार?
ही वही कुणाला गावलीच तर पाया पडतो, कुणाला बोलू नका. आईला तर अजिबात न्हाय. ती उद्या उंदराला पेढं घेऊन येणार हाय.