ओरखडा आणि सुई

सिरसाळ्यात आईला, पुण्याहून अपेक्षाचा शरणार्थ.

मी बरी आहे. मेसच्या भाकरीची आता सवय झाली. धाकट्या कावेरीचे पेपर कसे गेले?

फोनवर तू हसून विषय बदलतेस, म्हणून लिहिते. परवा व्हिडिओ कॉलवर पाहिलं, गळ्यातल्या इष्टलिंगाच्या डबीचा दोरा तू आखूड केलायस. छातीला डबी टेकू देत नाहीस. बाबांना खोदून विचारलं तेव्हा कळलं, की छातीत गाठ आहे, बीडच्या डॉक्टरांनी सुई घालून तपासायला सांगितलंय आणि तू नको म्हणालीस. बाबांना म्हणे तू सांगितलंस, "अपेक्षाच सांगत होती, ओरखडा काढला की कॅन्सरच्या पेशी लई पळतात. मग सुई काहून घालून घेऊ?"

आई, चूक माझी आहे. दिवाळीत मी फुशारकीने सांगितलं ते आमच्या प्रयोगशाळेतल्या प्लेटमधलं. तिथे आम्ही पेशींचा थर वाढवतो, मधोमध मुद्दाम ओरखडा काढतो आणि त्या रिकाम्या जागेत त्या किती वेगाने सरकतात ते मोजतो. तुझी सुई त्यासाठी नाही; ती गाठीतल्या थोड्या पेशी तपासायला बाहेर काढते, तिने कॅन्सर पसरत नाही. गाठ साधीही असेल, पण सुईशिवाय ते कुणालाच कळणार नाही, मलाही नाही.

गाठीवर लेप लावू नकोस. गुरुवारी मी येते, आपण दोघी बीडला जाऊ.

कालचा ओरखडा सकाळी पाहिला. अठरा तासांत पूर्ण भरला होता, मधे रेघसुद्धा उरली नव्हती. डॉक्टरांनी तुला सुई सांगून आज सतरा दिवस झालेत.

तुझीच,
अपेक्षा